अजामिळाच्या बायकोचे काय झाले?

सज्जनहो, गळा बसल्यापासून माझे कीर्तन सुटले. आता संध्याकाळी वैरागच्या घरी ओसरीवर चार म्हातारी माणसे जमतात, मी वीणा घेऊन बसतो आणि हरिपाठ तेवढा होतो. गेल्या चातुर्मासापासून त्या चौघांत एक पाचवे गृहस्थ येऊ लागले. सोलापूरचे निवृत्त शिक्षक, मुलीकडे राहायला आलेले. जन्माने आणि श्रद्धेने ख्रिस्ती. टाळ हाती घेत नाहीत, पण शेवटपर्यंत बसून ऐकतात.

एके दिवशी बुक्का लावून मंडळी उठली, तेव्हा ते मागे थांबले. म्हणाले, "बुवा, तुमच्यात तरून जायला नुसते नाम पुरते, की आचरणही लागते? आमच्या घरात या एका प्रश्नावर पाचशे वर्षे भांडण झाले, म्हणून विचारतो."

चाळीस वर्षे व्यासपीठावर उभा राहिलेल्या माणसाला असा प्रश्न म्हणजे वाढलेले ताट. नाममहिम्यावर मी सलग तीन तास बोललो आहे. पण त्या संध्याकाळी तोंड उघडले आणि शब्द आला नाही. कारण हाच प्रश्न फार वर्षांपूर्वी एका बाईने मला विचारला होता, आणि तिला मी खोटे उत्तर दिले होते.

तो प्रसंग आधी सांगतो. शेजारच्या एका गावी दशक्रियेचे कीर्तन होते. गेलेला माणूस दारूत बुडालेला. ऐन वयात बायको सोडून दुसरीकडे राहिला, शेत विकून खाल्ले, आणि शेवटी आजारी होऊन त्याच बायकोच्या दारी आला. तिने त्याला दोन वर्षे सांभाळले. मरताना त्याने 'विठ्ठल' म्हटले, असे लोक सांगत होते. मला तेवढे पुरेसे होते. मी अजामिळाचे आख्यान लावले. पापी अजामिळाने मरताना 'नारायण' म्हणून पोराला हाक मारली, विष्णुदूत धावले, यमदूत परतले. मंडप रडला. मीही रडलो.

निघताना त्या माउलीने पाकीट आणि नारळ हातात दिला आणि हळूच म्हणाली, "म्हाराज, एक इचारू का? त्या अजामिळाला बायको व्हती का?"

मी म्हटले, "होती."

"मग तिचं काय झालं?"

मी क्षणभर थांबलो आणि म्हणालो, "पतीबरोबर तिचाही उद्धार झाला."

ती काही बोलली नाही. पाया पडली आणि आत गेली. सज्जनहो, भागवताच्या सहाव्या स्कंधात असे कुठेही लिहिलेले नाही. अजामिळाने आपली कुलीन, तरुण पत्नी टाकली, एवढे तिथे आहे. पुढे तिचे नाव नाही, गाव नाही, शेवट नाही. मी ते तेव्हाही जाणत होतो. गाडी दारात उभी होती, आणि दुसऱ्या गावी रात्रीचे कीर्तन होते.

शिक्षकांना मी हे सारे सांगितले आणि म्हटले, "गुरुजी, आधी तुमच्या घरचे भांडण सांगा. माझ्या उत्तराला वेळ लागेल." मग आठवडाभर रोज हरिपाठानंतर ते सांगत गेले आणि मी ऐकत गेलो.

त्यांच्या नव्या करारात पौलाचे रोमकरांना लिहिलेले पत्र आहे. पौल आधी कट्टर कर्मठ, नियमांचा पक्का अभ्यासक. त्याचे म्हणणे असे, की नियम पाळून कोणी देवापुढे निर्दोष ठरत नाही. माणूस निर्दोष ठरतो तो विश्वासाने, आणि तेही देवाचे फुकट देणे. दाखला देतो अब्राहामाचा. त्या मूळपुरुषाने देवाच्या शब्दावर विश्वास ठेवला, तेवढ्यावर देवाने त्याला नीतिमान धरले. त्याच ग्रंथात याकोबाचे पत्र आहे. याकोब म्हणतो, कृतीवाचून विश्वास मेलेला आहे. भाऊ उघडा आणि उपाशी दारात उभा असता त्याला तोंडभर आशीर्वाद देऊन वाटेला लावले, तर त्या आशीर्वादाचा उपयोग काय? आणि गंमत अशी, की तोही दाखला देतो अब्राहामाचाच. पोटचा पोर इसहाक वेदीवर ठेवायला तो तयार झाला, तेव्हा त्याचा विश्वास पुरा झाला, असे याकोबाचे म्हणणे. माणूस एक, दाखले दोन. आपल्याकडे एकाच ओवीवर दोन फडांत दोन अर्थ चालतात, तसेच.

पुढे जर्मनीत मार्टिन ल्यूथर नावाचा संन्यासी झाला. उपवास, जागरणे, पापांची कबुली, सारे केले. मनाची धास्ती जाईना. पौलाच्या पत्राने त्याला सोडवले. त्या काळी पापाची शिक्षा माफ झाल्याच्या चिठ्ठ्या पैसे घेऊन दिल्या जात. त्याविरुद्ध 1517 मध्ये तो उभा राहिला. पौलाच्या वाक्याचे भाषांतर करताना त्याने 'केवळ' हा शब्द आपल्या पदरचा घातला: केवळ विश्वासाने. याकोबाच्या पत्राला तर त्याने गवताच्या काडीची उपमा दिली. रोमच्या बाजूने ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये उत्तर दिले, की आरंभ कृपेनेच होतो, पण केवळ विश्वास म्हणणे चूक. त्या कृपेला माणसाने साथ द्यावी लागते. चर्च फुटले, राज्ये फुटली, रक्त सांडले. शेवटी 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात दोन्ही बाजूंनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तारण कृपेनेच मिळते, आपल्या पुण्याईच्या जोरावर मिळत नाही. आणि ती कृपाच माणसाला सत्कृत्यांना लावते, असा त्याचा आशय.

हे ऐकून हसू नये. आपल्या देशातही हे झाले आहे. रामानुजाचार्यांच्या संप्रदायात पुढे दोन शाखा झाल्या. एक म्हणे जीव माकडाच्या पिलासारखा आहे. आई उडी मारते, पण पिलाने तिच्या पोटाला घट्ट धरले पाहिजे. दुसरी म्हणे, मांजरीच्या पिलासारखा. ते काहीच करत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते. कृपा सारी भगवंताचीच, हे दोघांना मान्य. वाद एवढाच, की पिलाने हात धरायचा की नाही. तेवढ्यावरून तेंकलै आणि वडकलै हे दोन पंथ आणि दोन तऱ्हेचे टिळे झाले.

आणि आपली गीता? अठराव्या अध्यायात भगवंत सांगतात, सारे सोडून मला एकट्याला शरण ये, मी तुला पापातून सोडवतो. पण त्याच अध्यायात वीस श्लोक आधी तेच भगवंत सांगतात, आपल्या वाट्याच्या कर्मानेच त्या ईश्वराची पूजा कर. माउलींनी त्यावर भाष्य करताना कर्माची फुले केली. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे मी अनेकदा पाहिले. त्या खांबाजवळ बसलो की वाटे, माउलींना यात दोन मते दिसलीच नाहीत. फूल देवाला वाहिले म्हणून देव विकत मिळत नाही. पण ज्याचे देवावर प्रेम आहे त्याचा हात फुलाकडे जातोच.

हा झाला ग्रंथातला निवाडा. पण त्या बाईचा प्रश्न ग्रंथातला नव्हता, संसारातला होता. म्हणून हा वाद ज्यांच्या जगण्यात दिसला अशा एका व्यक्तीकडे वळतो. त्या आपल्याच मराठी मुलखातल्या, आणि आपले घर सोडून गेलेल्या. पंडिता रमाबाई.

आम्ही कुर्डुवाडीहून आळंदीला जायला आगगाडीत बसत असू, तेव्हा दौंड मागे पडले की केडगाव स्टेशन येई. 'इथे मुक्ती मिशन आहे,' असे कोणी सांगितले की आम्ही तरुण पोरे तोंड फिरवत असू. रमाबाईंचा वृत्तांत मी नीट वाचला तो म्हातारपणी, त्याच शिक्षकांनी आणून दिल्यावर. आणि वाचताना मला धक्का बसला, कारण त्यांचे वडील माझ्याच व्यवसायातले.

अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवले, हा त्या काळातला गुन्हा. पुढे पत्नी आणि मुलांना घेऊन ते तीर्थोतीर्थी हिंडले. देवळात पुराण सांगायचे, लोक ठेवतील त्यावर गुजराण करायची. रमाबाईंचा जन्म 1858 चा. भागवत त्यांना लहानपणीच मुखोद्गत झाले होते. पुढे मद्रास इलाख्यातल्या दुष्काळाच्या दिवसांत या कुटुंबाने होते नव्हते ते दानधर्मात, अनुष्ठानात, उपवासात घातले. देव प्रसन्न झाला तर पोट भरेल, ही आशा. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. रमाबाई आणि भाऊ पायी हिंडत 1878 मध्ये कलकत्त्यास पोचले. तिथे त्यांच्या विद्वत्तेचा गौरव झाला, पण मनातला तो हिशेब मिटला नव्हता: एवढे कर्म केले, ते गेले कुठे?

1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कारण काय? लंडनमध्ये त्यांनी एक आश्रम पाहिला. वाट चुकलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी मायेने जवळ करत होत्या. आपल्याकडे अशा बाईला सावलीही मिळत नाही, इथे हे का करतात, असे विचारता तिथल्या एका भगिनीने येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. म्हणजे पहा, त्यांना ओढले ते आधी आचरणाने. पण पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. त्याच काळात मुंबईत 1889 साली त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले होते. सत्कर्मे तर चालूच होती, पण मनाची भूक शमत नव्हती. एका इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन त्यांनी वाचले. तो बरीच वर्षे लोकांना उपदेश करत होता आणि मग एक दिवस त्याला कळले, की आपल्याला स्वतःलाच अजून काही लाभलेले नाही. रमाबाई त्या ठिकाणी थांबल्या, आणि आपल्याजवळ द्यायला काहीच नाही असे म्हणून रित्या हाताने शरण गेल्या. केवळ विश्वास, तो हा.

आता त्यानंतर काय झाले ते पहा. केवळ विश्वासाने तरलो म्हणणारा माणूस हातावर हात धरून बसेल, असे याकोबाला भय होते. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकलेल्या सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर वस्ती उभी राहिली, तिचे नाव मुक्ती. पुढचा दुष्काळ गुजरातेत पडला, तिथूनही माणसे आणली. 1900 च्या सुमारास तिथे जवळजवळ दोन हजार जणी होत्या. विहिरी खणल्या, शेती केली, हातमाग घातले, छापखाना घातला. तो बायकाच चालवत. फसलेल्या, बिघडवलेल्या बायकांसाठी वेगळे घर केले, त्याचे नाव कृपा सदन. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सारे बायबल त्यांनी मराठीत आणले, आणि ते काम हातावेगळे करूनच 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवला.

शारदा सदनातल्या मुली त्या धर्माकडे वळू लागल्या, तेव्हा पुण्यातल्या पालकांनी आपल्या लेकी काढून नेल्या. त्यांचा राग मला समजतो. घरातले माणूस घर सोडून जाते तेव्हा घराला दुखतेच, आणि मलाही दुखते. पण विधवेला आपण जागा दिली असती, तर तिला दुसऱ्याचे दार ठोठवावे लागले असते का, हेही विचारावे लागते.

रमाबाईंच्या चरित्रातून मला एक गोष्ट उमगली. वडिलांनीही दान केले, लेकीनेही केले. वडिलांचे दान देवाकडून काही यावे म्हणून होते. भुकेने पोळलेल्या माणसाला त्याबद्दल बोल लावण्याचा मला अधिकार नाही. लेकीचे दान, देवाकडून आधीच सारे आले, आता ठेवायचे कुठे, म्हणून होते. झाडाला फळे लागली म्हणून ते आंबा होत नाही; मुळात आंबा असते म्हणून फळे लागतात. पण दहा मोसम गेले आणि फळ नाही, तर मालक बुंध्याशी उभा राहून विचारणारच.

मी हे शिक्षकांना म्हटले. ते म्हणाले, "बुवा, हे ठीक. पण त्या बाईचे काय? तिच्या नवऱ्याला कृपेने तारले, मान्य. तिचे देणे कोणी दिले?" आणि मग त्यांनी जक्कयाची गोष्ट सांगितली. ती मी इथे देतो, कारण तिने माझी गाठ सुटली.

जक्कय हा जकातदारांचा मुख्य. लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, उंचीने बुटका. येशू गावात आला, गर्दीत दिसेना, म्हणून झाडावर चढून बसला. येशूने वर पाहिले आणि म्हणाला, खाली उतर, आज मी तुझ्या घरी उतरणार आहे. लोक कुजबुजले, पाप्याच्या घरी जेवतो. येशूने आधी हिशेब मागितला नाही, की लुबाडलेले परत कर मग येतो. आधी घरी आला. आणि मग जक्कय आपण होऊन उभा राहिला आणि म्हणाला, अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देतो, आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करतो.

सज्जनहो, मी भागवत पुन्हा काढले. आणि जे चाळीस वर्षे मी गाळत आलो ते दिसले. अजामिळ त्या क्षणी वैकुंठाला गेलाच नाही! यमदूतांच्या पाशातून सुटून तो शुद्धीवर आला. आपण काय केले हे आठवून विलाप केला, टाकलेले आईबाप आठवले, सती पत्नी आठवली. मग गंगाद्वारी जाऊन साधना केली आणि तिथे देह ठेवला. कीर्तनात हे सांगत बसलो तर आख्यान लांबते आणि टाळी मिळत नाही, म्हणून आम्ही विष्णुदूतांपाशीच विमान उतरवतो. नामाने त्याला मोकळे केले ते मरायला नव्हे. पश्चात्तापाला वेळ मिळावा म्हणून. आणि एवढे होऊनही, तो त्या पत्नीकडे परत गेला असे भागवत सांगत नाही. तिचे देणे राहिलेच. यमाच्या वहीतले नाव नामाने खोडले जाते. माणसाचे देणे माणसालाच द्यावे लागते. ते वेळेत दिले नाही तर राहून जाते, आणि देव त्याची खोटी पावती फाडत नाही. ती खोटी पावती त्या दिवशी मी फाडली होती.

आता पौल खरा की याकोब? मला वाटते, वैद्य एकच असतो. अशक्त रोग्याला तो म्हणतो, दूध पी. ज्याला कफ झाला त्याला म्हणतो, दुधाला शिवू नकोस. दोघे रोगी आपापली चिठ्ठी घेऊन भांडले, तर वैद्याचा दोष नाही. 'तू काही करू शकत नाहीस, पण देव तुला टाकत नाही,' हे पडलेल्याला सांगायचे. 'देवाचे नाव घेतोस, मग भावाचे काय केलेस,' हे उभ्या असलेल्याला विचारायचे. चूक होते ती चिठ्ठ्यांची अदलाबदल झाल्यावर. आणि माझी अदलाबदल आयुष्यभर झाली.

1972 च्या दुष्काळात मी आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत शिकत होतो. माधुकरी मागून ज्ञानेश्वरी पाठ करत होतो. इकडे माझे थोरले बंधू आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडत होते, सुकडी खाऊन दिवस काढत होते. दादांचे शिक्षण चौथीला संपले ते मी शिकावे म्हणून. पुढे शेतातली विहीर दादांनी खणली, आईची शेवटची सेवा वहिनींनी केली. मी सप्ताहातून सप्ताहात फिरत होतो. वाटणीच्या वेळी मात्र बरोबर निम्मे घेतले, विहिरीच्या पाण्याची पाळीही निम्मी. माझे रान वाट्याने दिले होते, म्हणजे पाणीही दुसऱ्याला. कोणी विचारले तर म्हणत असे, माझा भार विठ्ठलावर आहे. खरे तर भार दादांवर होता. पडलेल्यासाठी असलेले औषध मी धडधाकट असता स्वतः पीत राहिलो. आणि गावोगावच्या राबणाऱ्या बायकांना, ज्यांना कृपेचा एक शब्द हवा होता, त्यांना कर्तव्य, सहनशीलता, पतिसेवा यांवर उपदेश केला.

या कार्तिकीनंतर मी दादांकडे गेलो आणि विहिरीची माझी पाळी त्यांच्या मुलांच्या नावे करतो म्हणालो. दादा ऐंशीच्या घरात आहेत, गुडघे गेले आहेत. बाजेवर बसून ज्वारी निवडत होते. म्हणाले, "आता कशाला रे? तू कीर्तन केलंस, तेच आपल्या घरचं पुण्य. मी कवा हिशेब ठेवला?"

मला ते ऐकवेना. ज्याचे देणे होते त्याने ते लिहूनच ठेवले नव्हते. मी पाळी दिली ती त्यानंतर, तलाठ्याकडे जाऊन, कागदावर. दादांनी माफ केले नसते तर मी कदाचित वाद घातला असता, निम्म्याचे निम्मे केले असते. माफ केल्यावर घासाघीस करायला जीभ उचलली नाही. ऑग्सबर्गच्या कागदावर काय लिहिले आहे ते मला त्या बाजेपाशी कळले.

ती माउली आज नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर तिला देणे माझ्याकडून राहून गेले. ते देणे आता फिटायचे नाही. निदान माझ्यामागून व्यासपीठावर उभे राहणाऱ्या तरुण कीर्तनकारांना हात जोडून सांगतो. अजामिळाचे आख्यान जरूर लावा. मंडपात एखादा पडलेला माणूस बसलेला असतो, त्याला त्या गोष्टीची गरज आहे, त्यात तसूभर कमी करू नका. पण त्याच मंडपात मागच्या बाजूला पदर डोक्यावर घेऊन एक बाई बसलेली असते. आख्यान पुढे न्या, गंगाद्वारापर्यंत न्या. आणि तिने विचारले की त्या बायकोचे काय झाले, तर ग्रंथात नाही ते सांगू नका. खाली बसा, आणि तिचे काय झाले ते तिलाच विचारा.

रामकृष्णहरी.